स्टूल करकरलं तेव्हा

प्रिय आई,

तू नेहमी म्हणतेस, तुझं बोलणं म्हणजे तपासणीचा रिपोर्ट, वर माया नाही की खाली सही नाही. तर आधी रिपोर्टच देते. यात माझं मत कुठेही मिसळलेलं नाही.

१. रविवारी सकाळी तुझ्या उजव्या तळपायात काच घुसली. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत रक्ताचे ठसे होते. ते मी पाहिले. तुला पत्ता नव्हता.

२. सोमवारी तू आमच्या हॉस्पिटलात आलीस, शाळेच्या बसचालकांची दरवर्षी होते त्या तपासणीसाठी. पायांची तपासणी मी केली.

३. तू डोळे मिटून होतीस. तळपायाला तपासणीचा नायलॉनचा धागा टेकला की सांगायचं, एवढंच तुझं काम. तू दर वेळी बरोबर सांगितलंस.

४. शेवटी शेवटी मी धागा टेकवलाच नाही. तरीही तू सांगितलंस.

५. मंगळवारी मी तुझ्या बसमध्ये बसून शाळेपर्यंत आले. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

६. बुधवारपासून शाळेला सुट्टी लागली. येत्या सोमवारी शाळा उघडेल.

आता बाकीचं.

काच काढताना तू हसत होतीस. पाय म्हातारा झाला की बहिरा होतो, म्हणालीस, आणि मला फडकं आणायला पिटाळलंस. मी फरशी पुसत होते आणि मला आठवत होतं ते मोकळं मैदान, जिथे तू मला गाडी शिकवलीस. उजव्या पायातली चप्पल काढायला लावली होतीस. चप्पल घातली की ब्रेक मुका होतो, असं तुझं म्हणणं. मी सारखी खाली बघायचे, की तू माझ्या हनुवटीखाली हात घालून मान वर करायचीस. पायाला विचार गं, डोळ्यांना रस्त्यावर राहू दे. टायरखाली खडी आली की माती, हे तुला तळव्यातून कळायचं. तेव्हा मला तो निव्वळ रुबाब वाटला होता. पुढे मज्जातंतू शिकायला लागल्यावर कळलं की त्यात रुबाब काही नव्हता, चांगला निरोगी तळपाय होता.

आमच्या तपासणीचा कागद इंग्रजीत असतो. त्यावर सगळ्यासाठी एकच शब्द आहे, फील. फील होतं की नाही, दोन चौकोन, एकात खूण करायची. माणसं मात्र कधीच तसं उत्तर देत नाहीत. एक गवंडी म्हणाला होता, मुंग्या वरात घेऊन चालल्यात. एक निवृत्त मास्तर म्हणाले, कुणीतरी कडी वाजवून पळून गेलं बघा. टोचलं, बोचलं, रुतलं, चरचरलं, झोंबलं, गार लागलं, पुसटसं कळलं, नुसता भास झाला. सुरुवातीला मी हे सगळं समासात लिहायचे. मोठे डॉक्टर म्हणाले, बाई, कविता नको, खूण करा. तेव्हापासून मी खूणच करते, पण ऐकते सगळं. ज्याला खरोखर काही लागतं, तो ते कसं लागलं हे सांगतो. त्याला राहवतच नाही.

डाव्या पायाला धागा लावला तेव्हा तू म्हणालीस, अगं हळू, गुदगुल्या होतात, आणि पाय आखडून घेतलास. उजव्या घोट्यावर लावला तेव्हा म्हणालीस, माशी बसल्यासारखं वाटलं. मग मी तळव्याकडे आले आणि तुझं बोलणंच बदललं. जाणवलं. जाणवलं. वर्गात हजेरी द्यावी तशी. एका डासाचं वर्णन करायला तुला अर्धा तास लागतो, आई. तुझ्याकडे तळपायासाठी एकच शब्द उरला, हे मला पटेना.

मी बसते त्या स्टुलाचं एक चाक करकरतं. धागा टेकवायला पुढे सरकले की ते वाजतं. मी धागा खाली ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि नुसतं स्टूल पुढे ढकललं. तू म्हणालीस, जाणवलं. मी मागे सरकले, परत पुढे आले. जाणवलं. मग मी हलले नाही. खोलीत काहीच वाजलं नाही. तुझ्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या, भुवया एकमेकींना भिडल्या होत्या आणि मान जराशी माझ्याकडे कलली होती. आई, तू अंदाज करत नव्हतीस. तू जिवाचा कान करून ऐकत होतीस. तेवढा वेळ मी तुझ्याकडे बघत राहिले. मग म्हटलं, झालं, मोजे घाल. तू विचारलंस, पास का मग? मी म्हटलं, कागद पूर्ण करायचा आहे.

नातेवाइकाची तपासणी आम्ही करायची नसते. बाहेरच्या कुणाला माझ्या भेगा कशाला दाखवायच्या, असं तू म्हणालीस म्हणून मी केली. आणि केल्यावर तो कागद त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवा होता. तो मी बॅगेत टाकला. स्वतःला सांगितलं, एकदा बसमध्ये बसून बघू. म्हणजे मंगळवारी ती बस सुटली ती माझ्यामुळे. हे तुझ्या नावावर टाकत नाही.

मदतनीस ताईंनी मला बघून आरोळी ठोकली, पोरांनो सरळ बसा, इन्स्पेक्टरबाई आल्यात. तू आरशातून डोळा मारलास. मी तुझ्या मागच्याच सीटवर बसले, तिथून तुझे पाय दिसतात. तुझ्या उजव्या पायात कापडी बूट होता, नाडी घट्ट आवळलेली. कधीपासून घालतेस? दर थांब्याआधी तू खाली बघत होतीस. पापणी लवावी इतकंच, दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. शाळेच्या अलीकडच्या चौकात दिवा लाल झाला. तू खाली पाहिलंस. बूट ब्रेकच्या कडेला होता, ब्रेकवर नव्हता. तू तो उचलून नीट ठेवलास आणि दाबलास. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओलांडून बस थांबली. मागच्या कुणाची तरी पाण्याची बाटली मधल्या वाटेतून गडगडत आली आणि तुझ्या सीटच्या पायाला आपटली. समोरून जाणाऱ्या बाईने मुलाचा हात ओढून त्याला मागे घेतलं होतं. ती काचेतून तुझ्याकडे बघत राहिली. ताई म्हणाल्या, आज बसलाच शाळेची घाई झाली. सगळी पोरं हसली. तूही हसलीस. स्टिअरिंगवरची तुझी बोटं मात्र पांढरी पडली होती.

मुलं उतरल्यावर मी फाटकापाशी विषय काढला आणि तू मला पुरतं बोलूच दिलं नाहीस. धाग्याने बस चालते का गं? इतक्या वर्षांत आरशालाही ओरखडा नाही. तुझ्या फीचे पैसे याच पायाने भरलेत. आणि शेवटी, काही वाटतं का तुला? मी पाठ फिरवून निघून आले. तू समजलीस की नाही वाटत. मला भांडणात शब्द सापडत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. आज सापडलेत. बाटली गडगडत होती तेव्हा माझाही उजवा पाय फरशीवर दाबला गेला, तिथे ब्रेक असल्यासारखा. आणि तू हसलीस तेव्हा मला तुझी भीती वाटली. तुझ्यासाठी वाटली असं नाही म्हणत मी. तुझी वाटली.

जे माहीत आहे ते सांगते. हे तुझ्या रक्तातल्या वाढलेल्या साखरेमुळे आहे. साखर ताब्यात आणली तर बहुधा पुढे वाढणार नाही. गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही. तू मात्र येईल असं धरून चालली आहेस आणि तोवर कान, डोळे आणि घट्ट नाडी यांच्यावर भागवते आहेस. डोळे खाली असतात तेव्हा रस्त्यावर कोण असतं, आई?

तुझ्याकडून काय काढून घेतलं जाणार आहे हे मला कळतं. तुझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी डेपोतले सगळे चहाचे पेले हातात घेऊन भिंतीला टेकून उभे होते, बाई बस कशी वळवते ते बघायला. मी शेवटच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसले होते. तू आरसे मिटलेस, काच खाली केलीस आणि त्या अरुंद गल्लीतून एका दमात बस मागे आणलीस. मग त्यांना विचारलंस, चहा गार झाला का? डेपोच्या गेटजवळ बसून वेळापत्रक लिहायच्या त्या खुर्चीला तू नावं ठेवतेस, खुर्चीत बसून बस हाकायची म्हणतेस. तुला तिथेच बसवतील की घरी पाठवतील, तेही मला माहीत नाही. खोटं सांगून तुला समजावणार नाही. तू मला लगेच पकडशील.

हे तोंडी सांगितलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहिलं. काल मी तो कागद पूर्ण केला. उजव्या तळव्यावरच्या प्रत्येक जागेसमोर नाहीच्या चौकोनात खूण केली, तपासणी दुसऱ्या कुणाकडून पुन्हा करावी असं लिहिलं आणि खाली सही केली. सोमवारी बस सुटण्याआधी तो डॉक्टरांच्या टेबलावर असेल. यात आता बदल होणार नाही, तू रडलीस तरी आणि मी रडले तरी. पण तो तुझ्याआधी डेपोत पोचू नये, तुझ्या मागून यावा, अशी माझी इच्छा आहे. तू स्वतः जाऊन साहेबांना सांगावंस, किल्ली तुझ्या हाताने टेबलावर ठेवावीस. मी सोबत येईन. बाहेर थांब म्हणालीस तर बाहेर थांबेन. तू जाणार आहेस का, आणि मी येऊ का, एवढं शनिवारी संध्याकाळपर्यंत कळव.

तुझीच,
इन्स्पेक्टर