वॉम्बॅट दिसला, पण आधी दगड

गुंगालिन, ८ नोव्हेंबर २०२०

ती. सुनीतीमावशीस,

हेमचंद्रचा साष्टांग नमस्कार (मास्क काढून). तुझे गुडघे, आईचा खोकला आणि तुम्हा दोघी बहिणींचं रोजचं भांडण, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालतो.

बत्तीस वर्षं तू साताऱ्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलंस, पण पोटाला पिशवी असलेला एकही प्राणी प्रत्यक्ष पाहिला नाहीस. एप्रिलमध्ये तू आणि आई इकडे येणार होतात, तर विमानंच बंद झाली. तेव्हा तू फोनवर हुकूम सोडलास, "निदान तू तरी बघून कळव." म्हणून काल मी, मयूरा आणि चिन्मयी कॅनबेराबाहेरच्या जंगलात वॉम्बॅट शोधायला गेलो. (कांगारू धरत नाही. ते आमच्या बसस्टॉपमागेच चरतात.) दुपारी उतारावर एक करडा, गोलमटोल वॉम्बॅट बसलेला दिसला. मी श्वास रोखून पोटावर सरपटत गेलो, मुंग्या चावल्या तरी हललो नाही, बेचाळीस फोटो काढले. शेवटी मयूरा म्हणाली, "अरे, त्याच्यावर शेवाळं आहे." तो दगड होता.

मी कपडे झटकत उभा होतो, तेवढ्यात चिन्मयी कुजबुजली, "बाबा, डोन्ट मूव्ह!" माझ्यामागे पाच हातांवर खरीखुरी वॉम्बॅट मादी गवत खात होती. तिची पिशवी मागच्या बाजूला उघडते (बीळ उकरताना पिल्लावर माती उडू नये म्हणून, हे तूच शिकवलंस). त्यातून पिल्लाने तोंड बाहेर काढलं होतं. आई चरत पुढे जात होती आणि ते मागे पडत चाललेल्या वाटेकडे टकामका बघत होतं. मावशी, मला एकदम हुंदका आला गं. मयूराला सांगितलं, मुंगी चावली. फोटो एकही काढला नाही.

बाकी आम्ही मजेत.

तुझा,
हेमचंद्र

ता. क. फराळ वेंटवर्थव्हिलच्या एका दुकानातून मागवलाय. चकल्या मऊ आहेत, पण आहेत.

आणखी एक ता. क. मजेत वगैरे काही नाही. इथून देशाबाहेर जायला सध्या सरकारची परवानगी लागते, आणि माझा अर्ज परत नामंजूर झाला. दिवाळीला मी येणार म्हणून आईने माझी खोली रंगवून घेतली म्हणे. तिला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. तू सांगशील का? पण जेवण झाल्यावर सांग. आधी सांगितलंस तर ती जेवायची नाही.