शेवटच्या खणातलं वर्तुळ

६ जून

ताईचं प्रयोगशाळेतलं कपाट रिकामं केलं. एका दुपारीत!

मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही घरचे. तुमच्याच हातून होऊ दे." मी शाळेच्या कार्यालयात कारकून, ती रसायनशास्त्राची बाई. बावीस वर्षं एकाच इमारतीत. तिला जाऊन आज तीन आठवडे.

बदली शिपाई कपाटात डोकं घालून एकेक वस्तू काढत होता, नाव पुकारत होता. मी लिहीत होतो. मान वर केली नाही. केली असती तर तिथं बसवलं नसतं.

मूलद्रव्यांच्या बाटल्या कार्यालयाच्या लोखंडी कपाटात लावल्या — अ पासून ह पर्यंत, नोंदवहीसारख्या. फुटकंतुटकं निकामी यादीत. भंगारवाला संध्याकाळीच घेऊन गेला. लाकडी कपाटाला तेरा तारखेला रंग.

मुख्याध्यापक खूश. "काम करावं तर तुम्ही!"

८ जून

नव्या बाई रुजू झाल्या. लोखंडी कपाट उघडलं आणि दोन पावलं मागे सरल्या.

"काका, हे कुणी लावलं?"

"मी. अकारविल्हे."

"ॲल्युमिनिअमच्या भुकटीला खेटून आयोडीन! बाटल्या फुटल्या आणि वर पाण्याचा थेंब पडला, तर भडका उडेल."

मी म्हणालो, नावं शेजारची आहेत. त्या म्हणाल्या, "नावं शेजारची, स्वभाव नाहीत ना."

मग रिकाम्या लाकडी कपाटासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "उभे खण बघा. बाईंनी कपाटाचंच मूलद्रव्यांचं कोष्टक केलं होतं. एका खणात एका स्वभावाची भावंडं, हलकं वर, जड खाली. असं लावायला वर्षं लागतात हो."

आणि मोडायला एक दुपार. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

९ जून

ताईनं हाताने लावलेलं तेवढं एकच उरलं होतं. घर तिनं आधीच आवरून ठेवलेलं — आजारी माणूस असं आवरतं का? एक कपाट राहिलं होतं, ते मी उधळलं.

१० जून

लाकडी कपाट पुसलं नाही हे नशीब! आज विजेरी घेऊन पाहिलं. फळ्यांवर धूळ आहे आणि धुळीत बाटल्यांच्या बुडांची स्वच्छ वर्तुळं.

पहिल्या खणात रॉकेलचे डाग. सोडिअम, पोटॅशिअम — तेलात बुडवून ठेवतात ते. लिथिअम त्यांच्या वर. शेवटून दुसऱ्या खणात लाकूडच तांबूस झालंय : आयोडीन. एका कोपऱ्यात पिवळा चुरा : गंधक. बाकीचं नव्या बाईंनी सांगितलं तसं, बूड वर्तुळावर टेकवून टेकवून. कागदावर नकाशा काढतोय. तेराच्या आत व्हायला हवं.

शाळेत असताना मी हे पाठ केलं होतं. ताई ओरडायची, "पाठ काय करतोस? ओळख करून घे त्यांची!"

११ जून

एक सोडून सगळं जुळलं.

अगदी शेवटच्या खणात एक वर्तुळ आहे. नव्या बाई म्हणतात, तिथं काही असूच शकत नाही. "ते निष्क्रिय वायू. हेलियम, निऑन, आर्गॉन. शाळेत कोण ठेवणार? कुणात मिसळत नाहीत, कुणाशी देणंघेणं नाही."

पण वर्तुळ आहे. आणि एक नाही — एकावर एक, जरा जरा सरकलेली. बाकीच्या बाटल्या महिनोन्‌महिने हलल्या नसतील. ही वस्तू रोज उचलून परत ठेवलेली.

१२ जून

लिहायचं नव्हतं. लिहितो.

आर्गॉन हे नाव ताईनं मला ठेवलेलं. ती कॉलेजात होती, मी सातवीत. पाहुणे आले की मी माळ्यावर. "आमचा आर्गॉन कुठाय?" — सगळे हसायचे, मीही हसायचो. पुढे नोकरीत रोज चारला प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत आमचा चहा व्हायचा. मी तिथंही बोलायचो नाही. तिचं चालायचं.

आई गेली त्या दिवशी मी पडवीत रजेचा अर्ज लिहीत बसलो होतो. हाताला काहीतरी हवं होतं. ताई बाहेर आली आणि चारचौघांत म्हणाली, "खरंच आर्गॉन आहेस तू. आई गेली तरी तुझ्यात काही म्हणून होत नाही!"

रजा संपल्यावर चारला गेलो नाही. तीन वर्षं. तिची पत्रकं माझ्या टेबलावर यायची, मी सही करून पाठवायचो. एकदा दारात उभी राहिली होती. मी म्हणालो, "काही काम होतं का?" ती म्हणाली, "नाही रे." आणि गेली.

बसायला सांगायला काय झालं होतं मला?

१३ जून, सकाळ

रंगारी आला होता. सोमवारी ये म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं काम अडवलं!

१३ जून

प्रयोगशाळेच्या मावशी रजेवरून परतल्या. त्यांना ते वर्तुळ दाखवलं.

"इथं होय? इथं तुमचा चहाचा मग असायचा, भाऊ. निळा. बाई रोज चारच्या आधी धुवायच्या आणि पुन्हा इथंच ठेवायच्या. मी म्हटलं, कशाला रोज धुता, कुणी पीत तर नाही. तर म्हणायच्या, आमचा आर्गॉन आला तर?"

यादी काढून पाहिली. क्रमांक ४१. मग, निळा, काठाला टवका. नग एक. निकामी.

खाली माझी सही.