पेट्रोल पुरावं म्हणून भाऊ उतरवला

धुळे, एप्रिल १९४९

तीर्थरूप रुपचंदमामा,

सुनंदाचा वाकून नमस्कार. एका सख्ख्या भावाला जळगावहून धुळ्याला न्यायला पेट्रोल किती लागतं? बी.एस्सी. होऊनही याचं उत्तर मला देता येत नाही. पण भेटल्यावर तुम्ही पहिलं हेच विचाराल, म्हणून प्रश्न मीच मांडून ठेवते. मामींचा गुडघा कसा आहे? लेप चालू ठेवायला सांगा. तुमची मोटारसायकल सुखरूप आहे (हे आधी कळलं म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल).

बाप म्हणून नानांनी घातलेली अट तुम्हाला ठाऊकच आहे. मुलींच्या शाळेत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर आखाजीच्या सणाला नेरीच्या स्थळाला होकार. मुलाखतीचं बोलावणं आदल्या संध्याकाळी हाती आलं, वेळ सकाळी अकराची, आणि पहाटेची सर्व्हिस मोटार वऱ्हाडाने भरलेली. तेव्हा तुम्ही पिंप्राळ्याला ठेवलेली लष्करी लिलावातली मोटारसायकल अभिमनभाऊने बाहेर काढली. पेट्रोलची कुपनं संपलेली. टाकीत होतं तेवढं आणि वर एक डबा. आईने मागे केळीचा घडही बांधला.

भाऊ कुस्ती खेळतो तशी गाडी चालवतो. मूठ पूर्ण पिळायची, बैलगाडी दिसली की करकचून ब्रेक, पुन्हा मूठ. मी मागून सांगत होते की वेग एकसारखा ठेव, अडथळा लांबून दिसला की मूठ आधीच सैल कर, क्लच अर्धवट धरून बसू नकोस, उतारावर इंजिन बंद कर. तो म्हणाला, "सुन्ये, तू घड धर." इंजिन बंद ठेवलं असतं तर एरंडोलला तानुआत्याच्या दारावरून गुपचूप घरंगळत गेलो असतो. पण याने आळीभर फटफट केली, आणि आत्या रस्त्यात उभी. चहा झाला, शेव झाली, घड्याळाकडे बघणारी मी उद्धट ठरले. तेवढ्यात भाऊने डबा टाकीत ओतून रिकामा केला होता, हे मला सांगितलं नाही. आत्याला मात्र दिसलं. "माहेरना डबा शे, रिकामा कसा धाडू?" म्हणत तिने तो धुऊन घाण्याच्या शेंगदाणा तेलाने भरला. (आपल्याकडे भांडं रिकामं परत जात नाही, आणि कुणी ते उघडूनही बघत नाही.)

पारोळ्याच्या पुढे मी निश्चिंतपणे डबा उघडला आणि तेलाचा वास आला. टाकी हलवली, तळाशी जेमतेम खळखळ. घड उतरवला, डबा उतरवला, गाडीच्या पंपाने चाकांत हवा भरली. मग भाऊकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघतेस?" मी म्हटलं, उतारावर मला ढकलून दे, गाडी सुरू झाली की चढ. क्लच, गियर, ब्रेक मला येत होते (सबंध वाट त्याच्याच हातापायांवर नजर ठेवून टोकत आले होते, आणि पुण्याला सायकल चालवलीच होती). त्याने ढकललं, इंजिन लागलं. तो "थांब, थांब" म्हणत मागे धावत होता. पण थांबलं की पुन्हा उचलायला पेट्रोल लागतं. मी थांबले नाही.

पदर कमरेला खोचून, जीव मुठीत धरून आणि मूठ तसूभरही न हलवता आले. प्रत्येक चढाला वाटे, इथेच संपणार. संपलं ते शाळेच्या आळीच्या तोंडाशी. गाडी ढकलत फाटकात शिरले, तेव्हा अकराची घंटा होत होती. स्त्रीशिक्षणावरचं पाठ केलेलं भाषण आठवेना. लताबाई मुख्याध्यापिकांनी विचारलं, "इथवर कशा आलात?" तेच सांगितलं. त्या हसल्या नाहीत. निकाल उद्या.

आपली भाची,
सुनंदा

ता. क. भाऊ संध्याकाळी बैलगाडीने पोहोचला. घडातली निम्मी केळी संपली आहेत. तो माझ्याशी बोलत नाही, पण गाडीवानाला माझीच हकीकत सांगत होता.

ता. क. नानांना तुम्ही भेटून सांगा, ही खरी विनंती. माझं पत्र ते आईकडून वाचून घेतील, आणि आई अर्धं गाळेल.

ता. क. स्थळ तुम्हीच आणलेलं, म्हणून तुम्हालाच आधी कळवते. निकालाची वाट न बघता नेरीला नकाराचं कार्ड मी आज टपालात टाकलं.