स्वेटरचा निरोप

प्रिय आई,

सलाम. काल प्रभुभोजनाचा रविवार होता आणि द्राक्षारसाच्या पेल्यांची ताटली मी सलग चौथ्यांदा काही न घेता पुढे सरकवली. बाकावर आपल्या शेजारची सुमनमावशी होती. तिने आपला पेला घेतला, तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "बेबी, कोणाशी वाकडं आलंय?" तिला काय सांगणार? म्हणून तुलाच लिहायला बसले.

नियम तुझाच ना? कोणाविषयी मनात अढी असेल, कोणाचं वाईट केलं असेल, तर आधी त्याच्याकडे जायचं, मग प्रभूच्या मेजाकडे. हे ऐकतात सगळेच, आणि डोळे मिटून भाकर घेतात. तू मात्र दोरीवरच्या कपड्यांवरून याच सुमनमावशीशी भांडलीस आणि दोन महिने ताटली सरकवत राहिलीस. अख्ख्या मंडळीला कळलं. मी लाजेने अर्धी झाले होते. मग एका शनिवारी वाटीभर खिमा घेऊन तू तिच्या दारात उभी. "सुमन, चूक माझी होती. वाटी लगेच रिकामी करून दे, उद्या उपासना आहे." माफी मागायची ही कुठली गं पद्धत! पण मावशी हसली होती.

माझं तर कोणाशी भांडणच नाही, आई. तेच अवघड आहे.

तुझी शेवटची संध्याकाळ. विनयचा फोन आला. "ताई, ऑफिसातून निघतोय, आईला भेटायला येऊ?" मी म्हणाले, "झोपलीये, उद्या ये." तू झोपली नव्हतीस. उशीला टेकून बसली होतीस आणि दुपारपासून चारदा विचारलं होतंस, विनय आला का. चादरी मी बदलायच्या, औषधं मी द्यायची, आणि वाट कोणाची, तर पंधरा दिवसांनी कर्वेनगरहून खडकीला सफरचंदं घेऊन येणाऱ्या लाडक्याची! मला त्याचा राग आला. तुझाही आला, आता कशाला लपवू?

जेवण झाल्यावर तू म्हणालीस, "त्याला सांग, आला नाही म्हणून मी रागावले नाहीये. आणि थंडी आहे, गाडीवर स्वेटर घालत जा म्हणावं." सकाळी तू गेलीस. तो निरोप अजून माझ्याजवळच आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं तुझ्या कबरेवर फुलं ठेवायला आलो होतो. गवत उपटता उपटता विनय म्हणाला, "ताई, तू झोपलीये म्हणालीस तरी मी यायला हवं होतं. नुसतं बघून गेलो असतो. माझा आळस नडला." मी पाणी आणते म्हणून उठले. नळ जवळच होता, तरी मी बराच वेळ लावला. पाप माझं आणि ओझं तो वाहतोय. तू नाहीस हे दुःख मी सोसेन, आई. हे मात्र सोसवत नाही.

पप्पा गेले तेव्हा मी तासभर प्रार्थनेला गुडघे टेकून रडत बसायचे. तू यायचीस आणि म्हणायचीस, "प्रभूने ऐकलं. आता ऊठ, कणीक मळ." किती कठोर वाटायचीस तेव्हा! पण त्या दिवसांत आपण तशाच तगलो ना? चार महिने मी रोज प्रभूकडे क्षमा मागतेय आणि उठत काही नाहीये. त्याने पहिल्याच दिवशी ऐकलं असणार. आता तो मी कधी उठते याची वाट बघत असेल.

विनयने क्षमा केली नाही तर? हक्क आहे त्याचा. मग मी पुन्हा जाईन.

शनिवारी खिमा करते. तुझीच वाटी घेऊन कर्वेनगरला जाईन. आधी माझी चूक सांगेन, तुझा निरोप नंतर. निरोप आधी दिला तर तो रडेल, मी त्याला जवळ घेईन आणि माझं सांगायचं राहून जाईल. मी मला ओळखते. हा शब्द देते तुला. आणि मग, भर उन्हाळ्यात, त्याला स्वेटर घालायला सांगेन.

तुझी,
बेबी