घरच्या सुताचा हार

मामंजी, आज दुपारी पक्षाची माणसं आपल्या ओट्यावर येऊन बसली होती. तुम्ही बसायचात त्याच जागी. लिहितावाचता येणाऱ्या बाईला मत असतं, म्हणून माझं नाव यादीत आहे, आणि उद्या मी यावं असं सांगायला आली होती. उमेदवार कोण, ते त्यांनी शेवटी सांगितलं, पाणी पिऊन झाल्यावर. मला आधीच माहीत होतं. तोच लाकडाचा ठेकेदार. आता त्याला प्रांताच्या कौन्सिलात जायचं आहे. त्यांच्यातला एक जण म्हणाला, तुमच्या सासऱ्यांनी त्याला म्युनिसिपालिटीचा अध्यक्ष केलं, तुम्ही तर त्यांच्याच घरच्या. मी दाराच्या आत उभी होते, पदर पुढं ओढून. ती गेल्यावर चुलीपुढं येऊन बसले आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

तुम्ही होतात तेव्हा आपण कधी समोरासमोर बोललो नाही. तुमची नजर अधू झाली तेव्हा तुम्ही ओसरीवर माझ्याकडं पाठ करून बसायचात आणि मी उंबऱ्याच्या आतून वर्तमानपत्र वाचायची. मला कोणी शिकवलं नव्हतं. गुळाच्या पुड्याचे कागद जुळवत मी अक्षरं ओळखली, हे तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही रागवाल असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेपर उंबऱ्यावर ठेवलात आणि पाठ करून बसलात. मी अडखळले की तुम्ही खाकरायचात आणि थांबायचात. तेवढंच.

यांची शिक्षाही मी तुम्हाला अशीच पेपरातून वाचून दाखवली. तळोद्याहून माणसं सातपुड्याच्या पायथ्याला राखीव कुरणातलं गवत कापायला गेली होती, कायदा मोडायला, आणि हे सगळ्यांच्या पुढं होते. कोर्टात त्या ठेकेदारानं साक्ष दिली की कुऱ्हाड घेऊन अंगावर धावले. यांच्या हातात विळा होता, तोही आपल्या घरचा, बोथट. हे तुरुंगातून ताप घेऊनच परत आले आणि पळस फुलायच्या आत गेले. मागं एक तकली राहिली. तिच्यावर मी सूत कातायला लागले. तुमच्या धोतरापुरतं होईल म्हणून लडी करून फडताळात ठेवत होते.

मग म्युनिसिपालिटीची निवडणूक झाली, तुम्ही निवडून आलात, आणि जिल्ह्याहून निरोप आला की अध्यक्षपदासाठी पक्षानं त्या ठेकेदाराचं नाव ठरवलं आहे. त्यानं वर्षभरापूर्वी खादी घातली होती. व्यापाऱ्यांची मतं त्याच्यामागं होती. त्याला नको म्हणणारे तुम्ही तिघं-चौघं सभासद घरी बसलात तर सरकारच्या बाजूचा माणूस अध्यक्ष होणार, असा हिशेब होता. ओट्यावर रोज बैठक बसे. टोपीवाले शिंपीकाका म्हणाले, "त्यान्ही टोपी मीच शिवी. डोकं मोठं शे भाऊ, कापड जास्त लागनं." सगळे हसले. तुम्ही हसल्याचं ऐकू आलं नाही. कोणी म्हणे राजीनामा देऊ, कोणी म्हणे निवडीच्या दिवशी प्रकाशा गावी तापीवर आंघोळीला जाऊ. मी आत भाकरी थापत होते आणि मनात म्हणत होते, जा, प्रकाशाला जा.

आपल्या गावात पक्षाची रीत होती. सगळ्यात वडील माणसानं नाव सुचवायचं, आणि जो नाव सुचवील त्याच्याच घरच्या सुताचा हार घालायचा. फुलं चालत नसत. बाहेरचं सूत चालत नसे. वडील तुम्हीच होतात. आपल्या घरात सूत फक्त मी कातते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

निवडीच्या सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिलात. पहिल्यांदाच तुमचं तोंड माझ्याकडं होतं. मी उठून भिंतीला लागले. तुम्ही म्हणालात, "बेटा, तुन्ही लडी दे. नई म्हनशी तरी चाली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यान्ही साक्ष याद शे ना तुमले?"

"रोज याद शे. पन मी घर बसनू ते सरकारवाला खुर्चीवर बसी. मंग मन्हा पोऱ्या कसाले गया?"

तुमचा मुलगा मग कशासाठी गेला, हे तुम्ही मलाच विचारलंत. तुम्ही हुकूम केला असता तर मला तुमचा राग तरी धरता आला असता. तुम्ही मागितलंत, नाही म्हणायची मोकळीक ठेवून. मी फडताळ उघडलं आणि लडी उंबऱ्यावर ठेवली. हातात दिली नाही, तशी आपली रीत नव्हती.

पुढचं शिंपीकाकांनी सांगितलं. तुम्ही उभं राहून नाव घेतलंत, आवाज स्पष्ट होता. हात वर करा म्हटल्यावर तुम्ही डावा वर केलात. उजव्या हातात हार होता. ठेकेदार पाया पडला. तुम्ही घरी आलात ते थेट आडावर गेलात आणि मौतीहून आल्यावर करतात तशी अंगावरच्या धोतरानिशी आंघोळ केलीत. मग ओसरीवर पाठ करून बसलात, आणि मी पेपर वाचला. कापसाचा भाव वाचला, पावसाचं वाचलं. तुम्ही एकदाही खाकरला नाहीत. डावा हात हारामुळं वर गेला की तुम्ही मुद्दाम केलात, हे मी त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही, आणि मग तुम्ही गेलात.

अध्यक्ष म्हणून त्यानं काही वाईट केलं असं मी म्हणू शकत नाही. आपल्या आळीत दिवे आले. म्हारुळीच्या रस्त्याला खडी पडली. त्या उजेडात मी वाचते. हेही मला सोसत नाही, पण मी खिडकी लावून घेत नाही. आणि पक्ष सोडू म्हटलं तर कुठं जाऊ? यांचं जे काही उरलं आहे ते त्यातच आहे. समोरच्या उमेदवारानं तर यांना बेड्या घातल्या त्या दिवशी फौजदाराला चहा पाजला होता.

आता हात वर करायचा नसतो. चिठ्ठी पेटीत टाकायची असते, कोणी बघत नाही. तुम्हाला ती सोय नव्हती. तरी मघाशी, भाकरी झाल्यावर, दार लोटून मी हात वर करून पाहिला. आधी डावा. मला वाटलं होतं की तो जाणारच नाही, त्या माणसाचं नाव मनात घेतल्यावर खांद्याशीच अडेल. गेला. मग उजवा केला. हातात काही नव्हतं, मामंजी, तोही गेला.