सहा बाजू, एक नाव

मुंबई, ता. ३ मार्च १९३८

चि. कोकिळेस अनेक उत्तम आशीर्वाद.

आजच्या पार्सलाने तीन तबकड्या पाठवल्या आहेत. सहाही बाजूंवर सेलो, म्हणजे माझं ते मोठं व्हायोलिन, मी वाजवलाय, साथीला चाळीस वादक. गेल्या शतकातल्या युरोपी रचना आहेत, गाणं नाही. बाबांना आधीच सांगून ठेव. सहा वर्षांत त्यांनी मला एक ओळ लिहिली नाही. हे ऐकून तरी लिहितील, एवढीच आशा. ग्रामोफोन भगवानरावांचा माग.

तुझ्या लोभातला,
महादेव

नांदुरा, ता. १४ मार्च

ती. दादास कोकिळेचा शि. सा. नमस्कार.

सगळा विचका झाला. बाबांनी पंधरा माणसं बोलावली. भगवानरावांच्या जुन्या तबकड्यांत गाणारे शेवटी आपलं नाव सांगतात, तसं तूही सांगशील म्हणून दर बाजू संपत आली की सगळ्यांना गप्प बसवत होते. सहाही बाजू संपल्या, नाव नाहीच. पोरगा यात हाय तरी कुठी, असं त्यांतल्या पुंजाजींनी हसत विचारलं आणि बाबा उठून गेले. आता म्हणतात, त्याले आपली लाज वाटते. मी समजावून थकले. दोन शब्द बोलायला काय झालं होतं रे?

रागावलेली तरी तुझीच,
कोकिळा

मुंबई, ता. १९ मार्च

चि. कोकिळेस अ. उ. आ.

डोकं फिरलंय माझं. एका बाजूच्या चार मिनिटांत रचना बसवताना घाम फुटतो, त्यात नाव कुठे कोंबू? आणि वाजंत्री व्हायचं तर माझं नाव लावू नको, हे बाबाच म्हणाले होते, तूही ऐकलंस. तरी मी लावलंच. ते चिडतील म्हणून तुला कळवलं नव्हतं. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर इंग्रजीत छापलंय, ते कुणी वाचलं का? जाऊ दे. तबकड्या परत पाठव.

महादेव

नांदुरा, ता. २७ मार्च

ती. दादास शि. सा. नमस्कार.

तबकड्या परत मिळायच्या नाहीत. स्टेशनमास्तरांनी तो कागद वाचला: महादेव रामराव. त्यातलं आपलं रामराव कुठलं, ते बाबांनी तीनदा बोट ठेवून दाखवायला लावलं. तुमचा दोघांचाही मला संताप आला.

काल त्यांनी तीच पंधरा माणसं पुन्हा बोलावली. बाजू संपली की सुई उचलून बाबा स्वतःच खणखणीत सांगत: महादेव रामराव, नांदुरा. सहाव्या बाजूला महादेव म्हटल्यावर त्यांना पुढचं बोलता येईना. रामराव हे मग पुंजाजींनी म्हटलं.

पत्र मीच लिहितेय, पण शेजारी ते बसलेत. लोभ दोघांवरही असू दे.

कोकिळा