बाहेरची खुर्ची

२ फेब्रुवारी
नानांना जाऊन महिना होत आला. त्यांची खुर्ची अजून रिकामीच. एकाच स्टँडवरचे स्वरलिपीचे कागद बघून आम्ही दोघं चेलो वाजवायचो. बाहेरच्याने, म्हणजे प्रेक्षकांकडच्याने, वाजवत राहायचं आणि आतल्याने थांबून पान उलटायचं, असा ऑर्केस्ट्राचा जुना नियम. इतकी वर्षं आत मी. आता बाहेरची खुर्ची मलाच मिळणार. ऑडिशन आहे, पण ती नावापुरती.
संकल्प: रोज चार तास सराव. उद्यापासून.

६ फेब्रुवारी
सराव नाही. हवा दमट, तारा उतरतात. बायकोला म्हटलं, काळा कोट इस्त्रीला टाक, नव्या सीझनचे फोटो काढतील. ती म्हणाली, फोटोत बसायच्या आधी खुर्चीत बसा. ऑडिशनच्या तोंडावर वाद नको.

९ फेब्रुवारी
प्रत्यक्ष सुरुवात. पहिलं पान उत्तम. तळाशी आल्यावर हात आपोआप वर गेला आणि पान उलटलं. शेवटची अर्धी ओळ राहिली. किरकोळ बाब. दुसऱ्या पानावरही तेच. तिथे चहा झाला म्हणून थांबलो.

१३ फेब्रुवारी
फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं. प्रत्येक पानाच्या शेवटी शांतता. वाजवताना मला मात्र त्या ओळी स्पष्ट ऐकू येतात. फोन जुना झालाय.
बायकोलाही ऐकवलं. मग तिने विचारलं, या जागा नाना वाजवायचे ना? म्हटलं, अर्थात, मी तेव्हा पान उलटत असे. मग तुम्ही त्या कधी वाजवल्यात, म्हणाली. ज्यांना चेलोतलं कळत नाही त्यांच्याशी यावर बोलू नये.

१८ फेब्रुवारी
नानांच्या घरी जाऊन आलो. त्यांचा चेलो पलंगावर आडवा, अंगावर चादर. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, उभा ठेवला की वाटतं हे आत्ता येऊन बसतील. मी चहा संपवला. निघताना म्हणाल्या, हे नेहमी सांगायचे, आमच्या शेजाऱ्यासारखं पान उभ्या जगात कुणी उलटत नाही, कागदाचा आवाजसुद्धा येत नाही.
शिफारस म्हणून चांगली आहे. ऑडिशनमध्ये पान उलटण्याला गुण असतात का, विचारून बघावं.

२४ फेब्रुवारी
आज फक्त तळच्या ओळी घेऊन बसलो. बोटांना काही ठाऊक नाही. आणि जे निघतं ते नानांसारखं नाही, म्हणजे चूकच. चूक घोटण्यात अर्थ नाही. बंद केलं. मनगटही दुखतंय. एकूण तयारी समाधानकारक.

१ मार्च
उद्या ऑडिशन. चेलो सेक्शनच्या प्रमुखांनी आज जिन्यात गाठलं. हळूच म्हणाले, नाही दिलीत तरी चालेल हो, तुमची आतली खुर्ची कुठे पळून जात नाही. मी चिडून जोमाने वाजवावं, हा हेतू दिसतो. जुने जाणते गृहस्थ.
परीक्षक पडद्यामागे बसतात, कोण वाजवतंय ते कळू नये म्हणून. वाजवणाऱ्याने खोकायचंदेखील नाही. उत्तम. ओळखीवर जागा मिळाली असं उद्या कुणी म्हणायला नको.

२ मार्च
बूट काढून गेलो, पावलांवरून ओळखू येऊ नये म्हणून. स्टँडवर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले. उलटायला काहीच नव्हतं. सुरुवात दणदणीत. पहिल्या कागदाच्या तळाशी आलो आणि थांबलो. हात वर गेला. दोन्ही कागद जमिनीवर.
पडद्यामागे कुणीतरी हसू दाबलं. मग प्रमुखांचा आवाज आला.
"घरी जा आता. आम्हालाही त्यांची आठवण येते."
ओळखलं कसं, कळत नाही. पडदा पातळ असावा.

९ मार्च
निकाल बोर्डावर लागला. बाहेरची खुर्ची नुकत्याच शिकून आलेल्या एका मुलीला. मी तक्रार करणार आहे. पडद्याबद्दल.
तूर्त मनाचा मोठेपणा दाखवायचं ठरवलं. तिने कितीही छान वाजवलं तरी माझ्या हाताशिवाय तिचं पान पुढे जायचं नाही. हे तिला पहिल्याच दिवशी कळेल.
बायकोने कोट इस्त्री करून आणलाय. तिनेच कपाटात लावून टाकला.

१६ मार्च
नव्या मुलीबरोबर पहिली तालीम. तिने वाकून नमस्कार वगैरे केला. मग स्टँडवर टॅब्लेट लावला आणि पायाशी एक पेडल ठेवलं. पायाने दाबलं की पान बदलतं. आमचे कागद, नानांच्या पेन्सिलीच्या खुणांसकट, ऑफिसच्या कपाटात गेले.
पहिल्या पानाच्या तळाशी माझा हात वर गेला. पान आधीच बदललेलं. दुसऱ्या पानालाही तेच. तिसऱ्या वेळी ती हलकेच म्हणाली, "काका, थांबता कशाला? वाजवा ना."
वाजवलं. चुकलं. सगळ्यांना ऐकू गेलं. कुणी वळून पाहिलं नाही.
घरी बायकोने विचारलं, कसं झालं? म्हटलं, बरं.
नाना असते तर ती ओळ मला वाजवावीच लागली नसती.